तक्रार लसीची नव्हे, सुईच्या जागेची

वाचकांचे प्रश्न : आरोग्य आणि कायदा

लस घेतली आणि खांदा धरला, हात वर जाईना. आता भरपाई मागता येईल का, अशी विचारणा करणारी पत्रं रावेरपासून तळोद्यापर्यंतच्या वाचकांकडून आली आहेत. त्यांतल्या निवडक पत्रांना इथं उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं आणि दवाखान्यांची नावं मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : माझे पती केळी कापणीच्या टोळीत आहेत, वय ३८. जानेवारीत विळा लागला म्हणून गावातल्या खासगी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. कंपाउंडरने उभ्या उभ्या, शर्टाची कॉलर खाली ओढून, अगदी खांद्याच्या टोकाशी सुई मारली. त्याच रात्री ठणका लागला. आज चार महिने झाले, हात कानापर्यंत जात नाही. घड उचलणं बंद. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन आहे, दुखणारच. पावती दिलेली नाही, १५० रुपये फोनवरून दिले होते. काही करता येईल का? (एक भगिनी, ता. रावेर)

उत्तर : करता येईल. पण आधी नेमकं काय झालं असावं ते समजून घ्या, कारण तक्रारीचा पाया तोच आहे.

दंडावरचं इंजेक्शन डेल्टॉइड या जाड, त्रिकोणी स्नायूत द्यायचं असतं. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं, त्याच्या खाली दोन ते तीन बोटं, म्हणजे मोठ्या माणसात साधारण पाच सेंटिमीटर सोडून सुई टोचतात. त्याच्या वर सुई गेली की स्नायू पातळ लागतो. त्याखाली बर्सा नावाची चपटी पिशवी असते. हात फिरवताना स्नायू आणि हाड एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती असते. लस त्या पिशवीत किंवा खांद्याच्या कंडरांभोवती, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांभोवती पडली, की शरीर लसीशी जी झुंज स्नायूत द्यायचं ती तिथं देतं. सूज येते, हालचाल दुखते म्हणून माणूस हात आवरून धरतो आणि हळूहळू सांध्याचं आवरण आखडतं. याला डॉक्टर ‘सिर्व्हा’ म्हणतात. लसीचं औषध चांगलं असूनही हे होतं. म्हणून तुमची तक्रार लसीबद्दल नसून सुई कुठं टोचली याबद्दल आहे. नोटिशीत ‘लस खराब होती’ असं लिहिलं की सगळं बिघडतं. मग कंपनीला पक्षकार करा, नमुना तपासा, बॅच सिद्ध करा, अशी कामं अंगावर येतात आणि समोरचा वकील सुटकेचा श्वास सोडतो.

साध्या दुखण्यात आणि यात फरक ओळखता येतो. साधा ठणका दोन-तीन दिवसांत उतरतो आणि तेवढ्यातही हात वर नेता येतो. सिर्व्हात दुखणं बहुधा ४८ तासांच्या आत सुरू होतं, त्याच खांद्यापुरतं राहतं आणि आठवडे गेले तरी हटत नाही. अंगरखा चढवणं, पाठीमागे हात नेणं, त्या कुशीवर झोपणं जमत नाही. तुमच्या पत्रातलं वर्णन याच्याशी जुळतं. तरी निदान पत्रावरून होत नसतं, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. एक्स-रे बहुतेक वेळा साफ येतो, त्यावर समाधान मानू नका. खांद्याची सोनोग्राफी किंवा एमआरआय केला तर पिशवीतलं पाणी, कंडरेची सूज दिसते. ही तपासणी जितकी लवकर, तितकी बोलकी. चार महिने झालेच आहेत, आणखी थांबू नका.

आता कागद. या प्रकरणांत हार-जीत बहुतेक इथंच ठरते. तज्ज्ञाकडे गेल्यावर केस पेपरवर तीन गोष्टी लिहून घ्या: इंजेक्शनची तारीख आणि बाजू, दुखणं कधी सुरू झालं, आणि आधी या खांद्याची तक्रार नव्हती. अहिराणीत ‘हात वर व्हस नही’ म्हणून सांगितलं तर कागदावर नुसतं ‘शोल्डर पेन’ उतरतं आणि वर्षभराने त्या दोन शब्दांवरून काहीच सिद्ध होत नाही. हात किती अंशांपर्यंत जातो तो आकडा लिहायला सांगा. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात, हे खरं आहे. म्हणून ‘त्यांची चूक झाली असं लिहून द्या’ असा आग्रह धरू नका. घटनाक्रम, तपासणीत काय आढळलं, आणि हे इंजेक्शनशी सुसंगत आहे की नाही, एवढंच मागा. ते बहुतेक जण देतात आणि तेवढं पुरतं.

पावती नसली तरी फोनवरून पैसे दिल्याची नोंद हा पैसे दिल्याचा पुरावा आहे. बँकेच्या उताऱ्यावर ती ओळ असेल, उतारा शिक्क्यासह काढा. दवाखान्याकडे उपचाराच्या कागदांची लेखी मागणी करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मागणी स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. कागद दिले नाहीत तर ती पोचपावतीच तुमच्या बाजूने बोलेल. कॉलर ओढून उभ्याने टोचलं हे कुणी पाहिलं असेल, टोळीतला सोबती, मुकादम, तर त्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा. इंजेक्शन देणाऱ्याकडे काही पात्रता होती का, हा वेगळा आणि दवाखान्याला जड जाणारा मुद्दा आहे. तो मागणीपत्रात जरूर विचारा.

पैसे देऊन सेवा घेतली असल्याने तुमचा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची. तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे जळगावला, ती दाखल होते. कोणता आयोग हे तुम्ही किती भरपाई मागता त्यावर ठरत नाही, सेवेसाठी किती पैसे दिले त्यावर ठरतं. १५० रुपये दिले असले आणि मागणी पाच लाखांची असली, तरी जिल्हा आयोगच. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. ऑनलाइन दाखल करायची सोय ई-जागृती पोर्टलवर आहे. विरुद्ध पक्षाला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. तक्रारीत डॉक्टर आणि दवाखान्याचा मालक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. कंपाउंडरच्या हातून झालेल्या चुकीची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याचीही असते.

निष्काळजीपणाची कसोटी अशी की, त्या जागी सामान्य कौशल्याचा, काळजी घेणारा माणूस असता तर त्याने असं केलं असतं का? टोचण्याची जागा ही प्रशिक्षणातली पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे, म्हणून हा मुद्दा गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सांगायला सोपा आहे. प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचा अभिप्राय लागतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव खटल्यात २०१० मध्ये सांगितलं. तरीही खांद्याच्या बाबतीत तो घ्याच. ‘खांदा असाही आखडतो’ हा बचाव ठरलेला आहे आणि त्याला उत्तर डॉक्टरच देऊ शकतो. आपला तज्ज्ञ मिळाला नाही तर धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडून अभिप्राय मागवावा, असा अर्ज आयोगापुढे करता येतो.

आता किती मागायचं? रोज समजा ६०० रुपये मिळत होते आणि महिन्याला २२ दिवस काम, तर महिन्याचे १३,२०० आणि चार महिन्यांचे ५२,८०० रुपये बुडाले. पगारपत्रक नसतं, म्हणून मुकादमाच्या वहीतल्या नोंदी, खात्यावर जमा झालेले पैसे आणि सोबत्यांची शपथपत्रं जोडा. उपचाराची बिलं, रावेर-जळगाव फेऱ्यांचा खर्च, पुढच्या फिजिओथेरपीचा अंदाज, आणि वेदनांबद्दलची रक्कम वेगळी. खांदा कायमचा अधू राहिला तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्व प्रमाणपत्र घ्या. पण प्रमाणपत्रावरचा टक्का आणि कमाईतलं नुकसान एकच नसतं. दहा टक्के अधू खांदा कारकुनाला चालतो, घड वाहणाऱ्याची रोजी मात्र जाऊ शकते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितलं. तो निकाल मोटार अपघाताचा असला तरी भरपाईच्या हिशेबाला उपयोगी पडतो. पन्नास लाखांची मागणी लिहून देणारे अर्जनवीस भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. फुगवलेल्या आकड्यामुळे खरी बिलंही संशयाने पाहिली जातात.

आणि उपचार चालू ठेवा. व्यायाम, गरजेप्रमाणे सांध्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन, जे सांगतील ते. उपचार न घेता हात आखडू दिला तर नुकसान वाढवल्याचा ठपका तुमच्यावरच येतो. हाडवैद्याकडून हिसका मारून घेतला असेल तर तेही लपवू नका. उलटतपासणीत ते बाहेर आलं तर बाकीच्या साक्षीवरचा विश्वास जातो.

प्रश्न : बहिणीला गरोदरपणी उपकेंद्रात टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा डोस दिला. लगेच दुसऱ्या दिवशीपासून डावा खांदा दुखतो. बाळ आता पाच महिन्यांचं आहे, ती त्याला डाव्या हाताने उचलू शकत नाही. लस फुकट होती. एका माहितगाराने सांगितलं की फुकट सेवेला ग्राहक आयोग नाही, मग विषय संपला. खरं का? (एक वाचक, ता. तळोदा)

उत्तर : पहिलं वाक्य खरं, दुसरं नाही. ज्या सरकारी ठिकाणी कुणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत, तिथली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, हे १९९५च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालापासून ठरलेलं आहे. पण ग्राहक आयोगाचं दार नसलं म्हणून दिवाणी न्यायालयाचं दार बंद होत नाही. सरकारी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाला सरकार जबाबदार असतं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात कापडाचा बोळा राहिल्याच्या प्रकरणात, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं. शस्त्रक्रिया १९६३ची, निकाल १९९६चा. दिवाणी मार्गाची चाल किती संथ असू शकते तेही त्यातून कळतं, म्हणून त्याआधीच्या पायऱ्या नीट चढा.

पहिली पायरी आरोग्य खात्याचीच आहे. लसीनंतर होणाऱ्या कोणत्याही त्रासाची नोंद ‘एईएफआय’ म्हणून करायची पद्धत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि प्रत जिल्हा परिषदेच्या जिल्हा माता व बालसंगोपन अधिकाऱ्याला पाठवा. दोन्हींवर पोच घ्या. गंभीर घटना जिल्हा समितीपुढे जाते आणि कारणांची वर्गवारी होते: लसीच्या गुणधर्मामुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, टोचण्यातल्या चुकीमुळे, भीतीमुळे, की योगायोगाने. तुमच्या अर्जात ‘टोचण्याच्या जागेतील चुकीमुळे’ हे शब्द आले पाहिजेत. नाहीतर दुखणं किरकोळ वर्गात टाकलं जातं आणि तिथंच राहतं. याशिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे, तिथं रुग्ण स्वतः कळवू शकतो. ही नोंद म्हणजे भरपाई नव्हे, पण तारखेसह सरकारदरबारी राहिलेला कागद आहे.

दुसरी पायरी माहिती अधिकाराची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. मागा एवढंच: त्या तारखेच्या लसीकरण सत्राच्या नोंदवहीची प्रत, लसीचा बॅच क्रमांक, त्या दिवशी टोचणाऱ्या कर्मचाऱ्याचं पदनाम, आणि एईएफआय नोंदीची प्रत. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. माता व बाल संरक्षण कार्ड हरवू नका, त्यावर टीडीची तारीख आहे.

तिसरी पायरी वकिलाची, आणि तिला पैसे लागणार नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, कोर्ट फीचाही भार पडत नाही. नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज करा, फोनवर विचारायचं तर १५१००. तिथंच दावा दाखल होण्याआधीच्या तडजोडीसाठीही प्रकरण ठेवता येतं. लहान रकमेच्या मागणीत तो मार्ग आमच्या मते आधी धरावा.

दावाच करायचा तर सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची नोटीस देऊन दोन महिने थांबावं लागतं. राज्य शासनासाठी ती जिल्हाधिकाऱ्याकडे देता येते. उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असल्याने जिल्हा परिषदेलाही वेगळी नोटीस द्या. जिल्हा परिषदेचा १९६१चा कायदा स्वतंत्र आहे, त्यातली नोटिशीची आणि मुदतीची अट वकिलाला पहिल्याच भेटीत तपासायला सांगा. मुदतीबाबत ‘दिवाणी दाव्याला तीन वर्षं’ या ऐकीव आकड्यावर निर्धास्त राहू नका. कायद्याखालचं काम करताना झालेल्या कृत्याच्या भरपाईला मुदत कायद्यात एकच वर्ष आहे आणि सरकारी वकील ती हरकत घेतात. टीडीच्या तारखेपासून वर्ष पुरं होण्याआधी कामाला लागा. बाळ पाच महिन्यांचं म्हणजे त्यातले बरेच दिवस गेलेच. राज्य मानवी हक्क आयोगाकडे केलेल्या अर्जालाही वर्षाचीच मुदत आहे. त्याला फी नाही, पण आयोग शिफारस करतो, हुकूमनामा देत नाही.

प्रश्न : वय ६७, मधुमेह १४ वर्षांपासून. फ्लूची लस घेतल्यावर साधारण दीड महिन्याने डावा खांदा आखडला. दवाखान्यावर दावा ठोकावा असं मुलाचं म्हणणं. (सेवानिवृत्त शिक्षक, जळगाव)

उत्तर : सर, ठोकू नये. लसीमुळे बिघडलेला खांदा पहिल्या एक-दोन दिवसांतच बोलतो. मधल्या दीड महिन्यात काहीच नव्हतं असं तुम्हीच लिहिता आणि मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. विरुद्ध बाजूला आणखी काही सिद्धच करावं लागणार नाही. थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर तपासून घ्या, फिजिओथेरपी सुरू करा. पुढच्या वर्षी फ्लूची लस उजव्या दंडावर घ्या, ती सोडू मात्र नका.

प्रश्न : मी खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. अशा तक्रारींची भीती वाटते. आमच्याकडून नेमकं काय चुकतं? (धुळे)

उत्तर : सगळ्यात जास्त चुकतं ते घाईत, बाही वर सरकवून किंवा गळा खाली ओढून टोचण्यात. बाही वर सरकवली की ती अडते तिथंच टोचलं जातं, तेव्हा निदान जागा खाली तरी राहते. गळा ओढला की फक्त खांद्याचं टोक उघडं पडतं आणि सुई वर जाते. पूर्ण बाही काढायला लावा. स्त्रियांसाठी पडदा नसेल तर तो मागून घ्या, ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. दुसरी चूक म्हणजे रुग्ण बसलेला आणि आपण उभे. वरून पाहिलं की हात नकळत वरच्या भागाकडे जातो आणि सुई खाली झुकते. दोघांनीही बसावं, रुग्णाचा हात कमरेवर, कोपर बाहेर.

मग बोटांनी खांद्याच्या टोकाचं हाड शोधा. त्याखाली दोन-तीन बोटं सोडा. खालची सीमा काखेच्या रेषेपर्यंत. या दोन रेषांमधल्या मांसल भागाच्या मध्यावर, ९० अंशांत. सुई २२ ते २५ गेज. लांबी बहुतेक मोठ्या माणसांना एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर. सडपातळ, ६० किलोखालच्या व्यक्तीला पाच अष्टमांश इंची सुईही पुरते. तिथं लांब सुई हाडाला लागते. स्थूल व्यक्तीला दीड इंच लागू शकते. एकाच मापाच्या सुया मागवून सगळ्यांना त्याच वापरणं ही खरेदी विभागाची चूक आहे, पण नाव तुमचं येतं. वर्षाखालच्या बाळाला स्नायूतलं इंजेक्शन दंडावर नाही, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात. बीसीजी मात्र डाव्या दंडावर कातडीत, आणि रेबीजची कातडीत दिली जाणारी ०.१ मिलीचीही दंडावरच. कातडीत दिलेली लस सांध्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कुत्रा चावल्यानंतरच्या लसीबद्दल अशी तक्रार आली तर ती कातडीत दिली होती की स्नायूत, हे आधी नोंदीत बघा.

नोंदीत लसीचं नाव, बॅच, मुदत, वेळ, बाजू आणि जागा लिहा. नुसतं ‘दिली’ लिहिण्यापेक्षा ‘डावा डेल्टॉइड, मध्य’ हे तीन शब्द तुमचं रक्षण करतात. आणि कुणी तिसऱ्या दिवशी हात उचलत नाही म्हणून परत आलं, तर ‘शेक घ्या’ म्हणून परत पाठवू नका. डॉक्टरांना दाखवा, लिहून ठेवा. आमच्या पाहण्यातल्या तक्रारींत राग सुईपेक्षा दारातून परत पाठवल्याचा असतो.

प्रश्न : आई मुलीकडे अमेरिकेत गेली असताना तिथल्या औषधाच्या दुकानात फ्लूची लस घेतली. खांदा तेव्हापासून गेला. आता ती परत चोपड्याला आली आहे. जावई म्हणतात तिकडे सरकार पैसे देतं. (चोपडा)

उत्तर : जावई बरोबर सांगतात. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने लसीच्या इजांसाठी वेगळी योजना केली, ती १९८८ पासून चालते. त्यात दुकानदाराचा, परिचारिकेचा किंवा कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. पैसा लसीच्या प्रत्येक डोसवर, त्यातल्या एकेका रोगामागे ७५ सेंट असा जो कर लागतो, त्याच्या निधीतून येतो. खांद्याची ही इजा २०१७ मध्ये त्यांच्या अधिकृत तक्त्यात घातली गेली. अटी अशा: लस त्या तक्त्यातली हवी, फ्लूची आहे, त्रास ४८ तासांत सुरू झालेला हवा, दुखणं आणि अडकलेली हालचाल त्याच खांद्यापुरती हवी, आधीचा तसला त्रास किंवा दुसरं कारण नको, आणि परिणाम सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा, किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली हवी. अर्ज पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत.

लस अमेरिकेच्या भूमीवर घेतली असेल तर नागरिकत्वाची अट नाही, व्हिजावर गेलेल्या आईलाही अर्ज करता येतो. अर्ज वॉशिंग्टनच्या ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’मध्ये होतो आणि प्रतिवादी त्यांचे आरोग्यमंत्री असतात. वेदनेपोटी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळू शकतात. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. उपचारखर्च आणि बुडालेली कमाई वेगळी. वकिलाची फी भरपाईतून कापली जात नाही, योजनाच देते आणि सद्भावनेने, वाजवी आधारावर केलेला अर्ज हरला तरी देऊ शकते. म्हणून टक्केवारी मागणारा वकील भेटला तर दुसरा बघा.

मुलीने दुकानातून लसीची नोंद घ्यावी, त्यात तारीख, दंडाची बाजू आणि लॉट क्रमांक असतो. चोपड्यात आणि जळगावात होणाऱ्या उपचारांचे कागद इथूनच जमवा. मराठीत लिहिलेल्या कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. परत आल्यावर तीन-चार महिने कुठंच दाखवलं नाही असा खंड पडू देऊ नका, अर्ज नाकारण्याचं ते आवडतं कारण आहे. एक सावधगिरी: कोविडची लस या योजनेत नाही. तिची योजना निराळी, जास्त कडक, आणि मुदत लस घेतल्यापासून एकच वर्ष.

हीच लस चोपड्यात घेतली असती तर? नियमित लसींसाठी आपल्याकडे असा निधी नाही. चूक दाखवावी लागते, म्हणूनच वरच्या दोन पत्रांना एवढी लांब उत्तरं द्यावी लागली.

प्रश्न : दवाखान्याने १५,००० रुपये देऊ केले आहेत, एका कागदावर सही मागतात. घ्यावे का? (अमळनेर)

उत्तर : कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत का ते बघा. असतील तर सही केल्यावर पुढचं काही मागता येणं फार अवघड. तीन महिन्यांत खांदा सुटला आणि बिलं दहा-बारा हजारांची असली तर घ्या, भांडण्यात तेवढे खर्च होतील. हात अजून अडकलेला असेल तर उपचार पुरा होईपर्यंत सही नको. ‘आजवरच्या उपचारखर्चापोटी, इतर हक्क राखून’ असं लिहून देत असतील तर रक्कम घ्यायला हरकत नाही. बोलणी सुरू आहेत म्हणून दोन वर्षांची मुदत थांबत नाही, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रश्न : पोलिसांत गुन्हा नोंदवला तर पैसे लवकर सुटतील ना? (शिरपूर)

उत्तर : नाही. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ, टोकाचा असावा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, निष्पक्ष मत घ्यावं लागतं, असं जेकब मॅथ्यू निकालात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलं आहे. दोन बोटं वर टोचलेली सुई त्यात सहसा बसत नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली तर शिस्तीची कारवाई होऊ शकते, भरपाई तिथूनही मिळत नाही. टोचणारा माणूस मुळात नोंदणीकृतच नव्हता असं दिसलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार आधी द्या आणि तिची पोच ग्राहक आयोगाच्या तक्रारीला जोडा.